उतरलेले सेल

औंढ्यात ज्यांच्या घरी आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहिलो, ते काका तापलेल्या लेकराच्या कपाळाला कधी हात लावत नसत. दारातूनच विचारत, "गेज किती?" घरात थर्मामीटर नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. ताप आला याचं एवढं नाही. आलेला ताप कुणी मोजला नाही, हे त्यांना सोसत नसे.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सिद्धेश्वरच्या धरणावर पाण्याची पातळी वाचण्यात घालवली होती. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची एक उभी फळी पाण्यात रोवलेली असते, तिला गेज म्हणतात. ती सकाळी सहाला आणि दुपारी चारला वाचायची आणि नोंदवहीत आकडा लिहायचा. निवृत्त होऊन औंढ्याला घर बांधलं तेव्हा काकांनी अंगणातल्या हौदाच्या आतल्या भिंतीवर स्वतःच्या हाताने तशाच पट्ट्या रंगवल्या आणि सहाचं नि चारचं रीडिंग पुढे चालू ठेवलं. आमच्याकडे पाहुणे आले की हौद खाली जाई. काका जिन्याखालून हाक मारत, "वर किती मान्सं वाढली? तीन हायत का?" माझ्या सासूबाई आल्या तेव्हा काकांनी "पाच" म्हटलं. सासूबाई एकट्याच होत्या. बायको दोन दिवस काकांशी बोलली नाही, आणि मी जिन्यात हसलो म्हणून माझ्याशी तीन दिवस.

पण गावात काकांना ओळखत ते गेजमुळे नाही, गाण्यामुळे.

औंढ्यात आणि आसपासच्या खेड्यांत लग्नाच्या वरातीला एक चाल वाजते. जयंतीच्या मिरवणुकीतही वाजते, दर्ग्याच्या संदलमध्येही वाजते. लोक तिला "धरणाचं गाणं" म्हणतात. नवरदेव घोड्यावर बसला की मागून कुणीतरी ओरडतो, "बाबूमियाँ, धरणाचं होऊ द्या," आणि बाबूमियाँ क्लॅरिनेट ओठाला लावतात. ही चाल दक्षिण अमेरिकेतल्या एका रॉक बँडची आहे, शब्द स्पॅनिश आहेत, मागे इलेक्ट्रिक गिटारी आणि तीनचार तऱ्हेचे ढोल आहेत, हे वरातीत नाचणाऱ्या कुणालाही माहीत नाही. मलाही नव्हतं. माझं स्वतःचं लग्न याच चालीवर लागलं आणि ती आमच्या मामाने बसवली असावी, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

बाबूमियाँ हे काकांचे मित्र. बँडपार्टीचे मालक, लग्नसराई नसेल तेव्हा बसस्टँडमागे शिलाईचं दुकान. काका त्या परदेशी बँडलाही "पार्टी"च म्हणत. "आपली पार्टी." जणू ते लोकही सुपारी घेऊन कळमनुरीला वाजवायला गेले आहेत आणि संध्याकाळी परत येतील.

कॅसेट कशी मिळाली ते काकांनी अकरा वर्षांत निदान शंभरदा सांगितलं असेल, आणि आम्ही वरच्या मजल्यावर राहत असल्यामुळे न बोलावताही ते ऐकू येई. तीसबत्तीस वर्षांमागे धरणाच्या दारांचं काम बघायला लांबून एक इंजिनियर आला होता. विश्रामगृहाच्या खिडकीतून त्याच्या टेपचे तुकडे पाण्यावरून काकांच्या कानावर येत. चार दिवस काकांनी तुकडेच ऐकले. पाचव्या दिवशी तो निघाला, तेव्हा त्याच्याकडे कॅसेट तासाभरासाठी मागून घेतली. बाबूमियाँना त्यांच्या टेपसकट वसाहतीत बोलावून घेतलं. क्वार्टरमध्ये प्लग एकच, म्हणून एक टेप विजेवर आणि एक सेलवर. दोन्ही टेप समोरासमोर ठेवले, दार लावलं. तेवढ्यात चार वाजत आले.

"मंग मी गेलो रीडिंगला," काका सांगत. "म्हटलं बाबूमियाँ, तू संभाळ. गानं काय, मागून बी ऐकता येतं. चारचं पानी पाचला न्हाई मोजता येत."

जेमतेम एका बाजूची पाच गाणी उतरली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर काकूंच्या कुकरची शिट्टीही उतरली. ती इतकी बरोबर ठेक्यात आली आहे की बाबूमियाँची पार्टी धरणाचं गाणं वाजवताना ती शिट्टी क्लॅरिनेटवर काढते. अख्ख्या तालुक्यात त्या शिट्टीला टोप्या उडतात. काकू पदर सावरून म्हणत, "माझ्या कुकरनं किती लग्नं लावली, मोजा की ते बी."

कॅसेट फक्त शुक्रवारी लागे. बाबूमियाँ नमाज आणि जेवण उरकून येत, काका चारचं रीडिंग घेत आणि सव्वाचारला बैठकीत टेप सुरू होई. समोर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्या बाजूला टेप, खाली सतरंजी. नियम असा की गाणी चालू असताना कुणी बोलायचं नाही, मान हलवायची नाही, वा म्हणायचं नाही. बाजू संपली की प्रत्येकाने एकेक मत द्यायचं, काकांनी सर्वांत शेवटी. एकच कॅसेट, पाचच गाणी, आणि मत दर शुक्रवारी नवं लागे. मी शाळेतला लिपिक. मस्टरवर सही करताना जेवढं डोकं लागतं तेवढंच मला आहे. तिसऱ्या महिन्यातच माझी मतं संपली. मग मी "आज ढोल जास्त जवळून वाजला" असलं काहीतरी ठोकून देई. काका गंभीरपणे ते नोंदवहीत लिहून घेत, म्हणून मला अजून लाज वाटते.

नोंदवही धरणावरचीच, जुन्या नमुन्याची, लाल कापडात बांधलेली. पहिल्या पानावर मूळ कॅसेटवरून काढून घेतलेलं पार्टीचं नाव, नकाशावर लिहितात तशा सुबक अक्षरात. त्याखाली पाचही गाण्यांची लांबी, स्टॉपवॉच लावून मोजलेली. पुढे प्रत्येक शुक्रवारची हजेरी. "वरचे भाडेकरू तीन मिनिटं उशिरा" हे वाक्य त्यात इतक्या वेळा आहे की माझ्या सेवापुस्तकातही माझ्याबद्दल एवढं लिहिलेलं नसेल.

शब्दांचा अर्थ शोधून देतो म्हटलं तर काका नको म्हणत. "अर्थ समजला की मानूस अर्थच ऐकत बसतो." त्यांची स्वतःची एक उपपत्ती होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. पहिल्या गाण्यात गाणारा तरणा आहे. पुढच्या प्रत्येक गाण्यात त्याचा आवाज थोडा खाली उतरतो, जड होतो, थांबून थांबून येतो. पाचव्यात तो म्हातारा झालेला असतो. "एका बाजूत अख्खा जल्म गायलाय बाप्यानं," काका म्हणत. "असं कोनी केलंय का? सांगा." पाचवं गाणं लागलं की खरोखर कुणीतरी दिवसभराचं ओझं उतरवून ओट्यावर टेकतंय असं वाटे. मलासुद्धा, म्हणजे बघा.

मध्ये एकदा मी नवा मोबाइल घेतला. गाणं ऐकवलं की तो गाण्याचं नाव सांगतो, हे दाखवायला मी तो टेपसमोर धरला. त्याने बराच वेळ चाक गोल गोल फिरवलं आणि "सापडलं नाही" असं म्हटलं. दुसऱ्यांदा धरला, पुन्हा तेच. काका खूश झाले. "आपल्या पार्टीला ओळखाया त्याचा बाप यावा लागंल." बाबूमियाँ मात्र उठून पाणी प्यायला गेले होते, हे मला पुष्कळ पुढे आठवलं.

मग दोन वर्षांमागे आमची थोरली लेक नांदेडहून सुट्टीला आली होती. काकांनी कौतुकाने तिला नोंदवही दाखवली, तिने पहिल्या पानावरचं नाव मोबाइलवर टाकलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या पार्टीचं नवीन आलंय की. बऱ्याच वर्षांनी काढलंय म्हणे. नऊ गाणी."

काका उभे राहिले. मग बसले. मग पुन्हा उभे राहून त्यांनी चष्मा काढला. "कधी?"

"याच महिन्यात."

"लावू नको," ते म्हणाले. "काहीच लावू नको. नवं न्हाई, जुनं न्हाई. शुक्कर्वार येऊ दे."

त्या आठवड्यात घरात साखरपुडा असावा तशी धांदल होती. बैठकीला चुना दिला. बाबूमियाँच्या पार्टीचा मोठा स्पीकर आणला. काकूंनी शंकरपाळे केले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला निरोप पाठवला, "आज तरी येळेवर." मी तीन मिनिटं उशिरा गेलो. मोबाइल माझा, त्यामुळे माझ्याशिवाय सुरू करता येत नव्हतं, आणि काका दारातच घड्याळ धरून उभे होते.

नऊ गाणी झाली. नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. पण चौथ्या गाण्यापासून काकांचा चेहरा हौद आटल्यासारखा खाली खाली जात होता. माझ्या बायकोने मत दिलं, "नाचायला बरं आहे." मी म्हणालो, ढोल जवळून वाजले. काकू म्हणाल्या, "ह्ये आपलं न्हाई वाटत." बाबूमियाँनी खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढला आणि एवढंच म्हटलं, "साज चांगला हाय."

काका म्हणाले, "गानारा बदललाय. हे कुनी तरी पोरगं हाय. आवाज पातळ, आन सगळी घाई. कुठं जायचंय याला?"

त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते दुखावले होते. त्यांनी मला त्या पार्टीला लिहायला लावलं. गाण्यांच्या खाली मतं लिहायची सोय असते, जगभरचे लोक लिहीत होते. काका सांगत गेले आणि मी माझ्या इंग्रजीत उतरवत गेलो. शाळेत माझं इंग्रजी चांगलं समजलं जातं, कारण इंग्रजीचे सर सुट्टीवर असले की अर्ज मी लिहितो. "लिवा. तुमचा जुना गानारा कुठं हाय? त्याला काढला का? हे पोरगं पळून राहिलं. असं पानी सोडलं तर टेलला पोचत न्हाई." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. मी ते शब्दशः उतरवलं. दुसऱ्या दिवशी सातासमुद्रापलीकडून कुणीतरी विचारलं, कसलं टोक? कसलं पाणी?

पण सगळ्यांनी हसण्यावारी नेलं नाही. पुष्कळांना वाटत होतं की जुन्यात जे होतं ते नव्यात नाही. पेरूमधल्या एका बाईंनी लिहिलं की मी शाळेत होते तेव्हापासून ऐकते, मलाही यात घाई वाटते. मोबाइलने भाषांतर करून दिलेलं ते वाक्य काकांनी मला चारदा वाचायला लावलं आणि नोंदवहीत "पेरू - एक" अशी हजेरी मांडली. उलट बाजूचेही होते. नवं छान आहे, बँडने वयाबरोबर बदलू नये का, असं म्हणणारे. त्यांना काका "कॉन्ट्रॅक्टरची मान्सं" म्हणत. आठवडाभर आमच्या जिन्यात आंतरराष्ट्रीय भांडण चाललं आणि मी त्याचा वकील, टायपिस्ट आणि पोस्टमन होतो. बायको म्हणाली, "घरच्या गॅसचा नंबर लावायला तुम्हाला वेळ नाही, पेरूला उत्तरं देता."

मग कुणा एकाने अगदी शांतपणे लिहिलं: महाशय, गाणारे तेच आहेत. सत्तरी ओलांडली त्यांनी. आवाजही तोच आहे. जुनी गाणी लावून शेजारी ठेवा, कळेल.

"लाव," काका म्हणाले. "जुनं लाव. ह्याला दाखवूच."

मी मोबाइलवर जुन्यातलं पाचवं गाणं लावलं. तेच गाणं. पण गाणारा म्हातारा नव्हता. तरणाताठा होता, आवाज पातळ, ठेका दुडका, आणि ओट्यावर टेकायचा त्याचा काही विचार दिसत नव्हता. दुसरं लावलं, त्यात शिट्टी नव्हती. ती नसणार हे काकांनाही माहीत होतं, तरी शिट्टीची जागा आली तशी त्यांनी मान वर केली.

"हे बी त्या पोराकडून परत गाऊन घेतलं आसंल," ते म्हणाले, पण स्वतःलाच पटलं नव्हतं. पडद्यावर गाण्याखाली त्याची लांबी दिसते. काकांची नजर तिथे गेली. आकडा दिसला आणि त्यांनी तो वाचला नाही, असं त्यांच्या आयुष्यात झालेलं नाही. त्यांनी नोंदवहीचं पहिलं पान उघडलं आणि पाचही गाण्यांच्या दोन्ही लांब्या शेजारी शेजारी लिहिल्या. पहिल्यात चार सेकंदांचा फरक. दुसऱ्यात अकरा. मग एकवीस, मग चौतीस. पाचव्यात चोपन्न.

मी म्हणालो, "मोबाइलचंच काहीतरी असेल."

"मोबाइलचं आसतं तर फरक सगळीकडं सारखा आला आसता," काका म्हणाले. इतका कोरडा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "हा फरक वाढत चाललाय. ही गळती हाय. पानी खाली खाली जाऊन राहिलं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सेल उतरत होते."

थोड्या वेळाने ते उठले, चप्पल घातली आणि निघाले. मीही मागोमाग गेलो. मोबाइल माझाच होता, त्यामुळे गुन्ह्यात मीही होतो.

बाबूमियाँ दुकानात बँडच्या लाल कोटाला सोनेरी पट्टी लावत होते. काका उंबऱ्यातच उभे राहिले.

"बाबूमियाँ, त्या दिशी सेल कवाचे घातले होते?"

कोणत्या दिवशी, असं बाबूमियाँनी विचारलं नाही. मशीनचं चाक हाताने थांबवलं. "बसा तं खरं."

"बसत न्हाई. कवाचे?"

"तुमच्याच बॅटरीतले होते. रातभर गेटावर जाळून आन्लेले."

"इंजिनियरची कॅसेट सेलच्या टेपवर घातली तू?"

"मंग? भरायचा टेप सेलवर ठिवला आसता आन मदीच बंद पडला आसता तं समदंच गेलं आसतं. म्हटलं वाजवनारा हळू होईल, होऊ द्या. कायच न्हाई त्यापरीस हळू बरं."

"तुला कळलं होतं."

"पैलं गानं मी बराबर ऐकलं होतं ना, लाइटवर. मंग सेलवर घातलं तं ते बसाया लागलं. कळंना कसं?"

"तीस वरीस," काका म्हणाले. "काहून सांगितलं न्हाई?"

बाबूमियाँनी कोट मांडीवर घडी केला. "सांगनार होतो, भाऊ. अल्लाकसम. तुमी रीडिंग घेऊन आले. कॅसेट लावली. पाचवं गानं आलं, आन तुमी तोंड भिंतीकडं फिरवलं. आता तवा काय सांगू? की भाऊ, रडू नका, हे सेलमुळं हाय? दुसऱ्या दिशी सांगू म्हटलं. मंग दुसऱ्या दिशी तुमी मला तो जल्माचा हिशेब समजावून सांगितला. मंग कवाच न्हाई जमलं."

काका उंबऱ्यावरून खाली उतरले. वळून चालू लागले.

"आन एक आइका," बाबूमियाँ मागून म्हणाले. "मला बी तेच गोड लागलं. ते आसली लई पळतं. आपल्या घोड्याला न्हाई जमत."

पुढचे तीन शुक्रवार बैठकीचं दार बंद राहिलं. मी पहिल्या शुक्रवारी सव्वाचारला, म्हणजे आयुष्यात प्रथमच वेळेवर, खाली जाऊन आलो. काका ओट्यावर बसले होते. "घरी जा," म्हणाले. तेवढंच. बाबूमियाँनी दुसऱ्या शुक्रवारी यायचं धाडस केलं. काकूंनी त्यांना चहा दिला, काकांनी समोरच्या रस्त्याकडे बघत तो त्यांच्यासोबत प्यायला, आणि बोलणं पावसापाण्यापलीकडे गेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात काकू वर आल्या. त्या जिना चढत नाहीत, गुडघे दुखतात. "काल हौदाचं रीडिंग घेतलं न्हाई यांनी," त्या बायकोला म्हणाल्या. "आजचं बी न्हाई. मी म्हटलं चार वाजले, तं म्हने, मोजून काय करायचं, मोजनाराच फसला."

धरणावर पूर आला तेव्हाही रीडिंग चुकलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही विधी आटोपून गेजवर जाऊन आलेला हा माणूस. बायको माझ्याकडे बघत होती. तिचं म्हणणं मला तिने न बोलताही ऐकू येतं: तुम्ही, तुमचा मोबाइल आणि तुमचं पेरू.

मी त्या रात्री जेवताना ठरवलं की सकाळी काकांना जाऊन काहीतरी चांगलं सांगायचं. काय ते सुचलं नाही. सकाळी सहाला कडी वाजली. दारात काकाच होते, हातात प्लास्टिकची पिशवी.

"घरात सेल हायत का?"

"आणतो की. दुकान उघडलं की नवे..."

"नवे काय करू? उतरलेले पायजेत."

मी भिंतीवरच्या घड्याळातला काढून दिला. त्यांनी तो परत दिला. "हा लहान हाय. मोठे हुडका. बॅटरीतले."

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. कुणी माळ्यावरचे दिले, कुणी गोठ्यातल्या बॅटरीतले, कुणाच्या घरी गंजून फुटलेले निघाले. दर्ग्याजवळच्या चहावाल्याने पांढरी भुकटी धरलेले चार पाठवले आणि कशाला पाहिजेत तेही विचारलं नाही, काकांना लागतात एवढंच त्याला पुरलं. संध्याकाळी काका अंगणात बसून एकेक सेल छोट्या दिव्याला लावून बघत होते. उजेडाप्रमाणे त्यांनी सेलांच्या पाच रांगा लावल्या. "ह्यो लईच उतरलाय, ह्यो शेवटच्या गान्याला घालू." आणि मला म्हणाले, "तुमच्या मोबाइलची ही एक तकलीफ हाय. त्याची बॅटरी उतरली की तो बंदच पडतो. हळू व्हायचं त्याला म्हाईतच न्हाई."

मग मला विचार कळला. मोबाइलवरून नवी गाणी आधी एका कॅसेटवर घ्यायची, विजेवर, जशीच्या तशी. मग ती कॅसेट सेलवरच्या टेपमध्ये घालायची आणि समोर दुसरा टेप ठेवायचा.

"बाबूमियाँला बोलवा," ते म्हणाले. "ते काम त्यालाच येतं."

शुक्रवारी बाबूमियाँ आले ते स्वतःचा जुना टेप रुमालात बांधून. काकांनी त्यांच्यासमोर सेलांच्या रांगा ठेवल्या. दोघं कामापुरतंच बोलत होते.

"हे आधी?"

"व्हय. आन ते मागून."

घरात आता प्लग बारा आहेत. तरी बाबूमियाँनी एकच टेप प्लगला लावला, दुसऱ्यात सेल घातले. दार लावायच्या आधी काकूंनी आतून विचारलं, "कुकर लावू का?"

काका विचारात पडले. "दुसऱ्या गान्याला लाव."

भरणं चालू असताना चार वाजले. काका सवयीने उठले, दारापर्यंत गेले. तिथे थांबून त्यांनी बाबूमियाँकडे पाहिलं. बाबूमियाँ म्हणाले, "जा की. पानी थोडंच थांबतंय." काका हौदाकडे गेले. आतून आम्हाला त्यांच्या पावलांचा आवाज आला, आणि काकूंनी कुकरखालचा गॅस मोठा केला.

नऊपैकी पाचच गाणी उतरली, पुढे सेल मेले. मग सतरंजीवर बसून आम्ही ती बाजू ऐकली. वा नाही, मान हलवणं नाही. पहिलं गाणं होतं तसंच होतं. मग ठेका जरासा बसला, आवाजाखाली आवाज आला. कुकरची शिट्टी ठेक्याच्या अर्धी मात्रा आधीच पडली, कारण आताचे कुकर घाईचे झालेत. पाचव्या गाण्यात ढोल असे वाजत होते की कुणीतरी धरणावरून परत चालत येतंय असं वाटावं.

मतं झाली. काकू म्हणाल्या, "आता आपलं वाटलं." बाबूमियाँ म्हणाले, "घोडा चालंल याच्यावर." मी ढोलाबद्दल काही बोलणार होतो, पण गप्प बसलो. ते गप्प बसणंच काकांनी माझं मत म्हणून नोंदवहीत लिहून घेतलं आहे.

काकांनी टेपमधून कॅसेट बाहेर काढली. "गानारा तोच हाय," ते म्हणाले. "तवा तरना होता, सेलनं म्हातारा केला. आता खराच म्हातारा झालाय. आवाज जिथं पोचायचा होता तिथंच पोचलाय, बाबूमियाँ. आपन जरा आधी ऐकला, एवढंच."

बाबूमियाँनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग काकांनी मला मोबाइल काढायला लावला. "लिवा. आधीचं मागं घेतो. गानारा तोच हाय. आमचे सेल उतरले होते." मी ते जमेल तसं इंग्रजीत घातलं. त्याला पेरूच्या बाईंनी एक लाल बदाम पाठवला. इतर कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही.

आता आम्ही हिंगोलीला स्वतःच्या घरात राहतो. औंढ्याला गेलो की मी आधी बैठकीत जाऊन नोंदवही बघतो. त्या शुक्रवारच्या पानावर काकांनी पट्टीने उभी रेघ मारून दोन रकाने केले आहेत. एकावर लिहिलंय "त्यांचं", दुसऱ्यावर "आपलं", आणि दोन्हींत पाचही गाण्यांची लांबी सेकंदापर्यंत. शेजारी हौदाचं चारचं रीडिंग. आणि सर्वांत खाली, नेहमीच्याच सुबक अक्षरात: वरचे भाडेकरू तीन मिनिटं उशिरा.